खरमासातली शिक्षा

घोड्याशी जितकं जुनं नातं आमच्या घराण्याचं, तितकं ग्वाल्हेरच्या अख्ख्या लश्कर भागात कुणाचं नसेल. पणजोबांचे पणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले, आणि मी लग्नाच्या घोडीचा लगाम धरून पायी चालतो, वर बसतो तो दुसराच. स्वतःच्या लग्नात तरी बसायला मिळेल म्हटलं, तर त्याच दिवशी घोडी लंगडायला लागली. मी टेंपोत बसून गेलो. सासरच्या मंडळींनी हार घातला तो पहिल्यांदा टेंपोवाल्याला, कारण त्याचा शर्ट माझ्यापेक्षा बरा होता.

फेब्रुवारी संपता संपता आमचं शहर गप्प होतं. बोर्डाच्या परीक्षा लागतात, भोंगे बंद, डीजे बंद. परीक्षा मुलं देतात, उपास आम्ही करतो. मग होळीच्या आगेमागे खरमास लागतो आणि लग्नंच बंद होतात. नीमची पानं गळत असतात, तबेल्याच्या टिनावर सारखी सरसर. किल्ल्याकडून धुळीचं वारं येतं, ते दातात करकरतं. तीळगुळाची गजक विकणारे आवरतात, उसाच्या रसाचे ठेले लागतात. घोडीची हिवाळ्याची लव झडायला लागते. हात फिरवला की मुठीत पांढरा कापूस.

खरमास म्हणजे काय, ते आई सांगायची. सूर्याच्या रथाचे घोडे वर्षभर पळून दमतात, म्हणून तो त्यांना पाण्यावर सोडतो आणि महिनाभर रथाला गाढवं जुंपतो. घोडे आराम करतात, गाढवं कामाला लागतात. आमच्या घरीही अगदी तसंच. बाकीचं वर्ष मी रात्री बारातीत आणि दिवसा खाटेवर. घरात एक मुलगा आहे आणि तो कितवीत आहे, हे मला खरमासातच कळायचं. घोडी तबेल्यात आराम करायची आणि मी बाप व्हायचो.

या वर्षी परत तो महिना आला. फूलबागेकडून येताना बघितलं, शाळेच्या फाटकाबाहेर पोरं उभी, हातात आरपार दिसणारी थैली, त्यात पेन. बाप लोक स्कूटरवर बसून शेवटच्या सूचना देत होते. पोरं मान हलवत होती, ऐकत कुणीच नव्हतं. मी तिथे उगाच थांबलो. चौकीदाराने विचारलं, तुमचा कोण आत आहे? म्हटलं, कोणी नाही, माझा फार पूर्वी बाहेर आला.

माझा म्हणजे सूरज. आता त्याची स्वतःची मुलगी आहे, पीहू, पाच वर्षांची. नया बाज़ारात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, लॅबमध्ये काम करतो, घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढतो. या वर्षी परीक्षा सूनबाईची आहे, मास्तरणीच्या नोकरीची, आणि ती भोपाळला. सूरज तिला घेऊन जाणार. मग पीहूला कोण बघणार? मी म्हटलं, माझ्याकडे ठेवा, आजी आहे, मी आहे, घोडी आहे, पोरगी खूश होईल. सूरज म्हणाला, तिला सर्दी झालीय पापा, तुमच्याकडे धूळ फार. ठीक आहे. त्याच संध्याकाळी सर्दीवाली पोरगी मला ठेल्यावर बर्फाचा गोळा खाताना दिसली, जीभ लाल, आणि मला बघून हात हलवत होती. मग त्याने सांगितलं, झाशीहून सासूबाई येतायत. त्याच्या सासूबाईंना मी सहज फोन लावला, तर त्या गुडघे धरून बसलेल्या, म्हणाल्या, मी कुठे येतेय.

मी सूरजला काही बोललो नाही. बोलून काय होतं? तो म्हणतो, "सब ठीक है, पापा." कित्येक वर्षं मी काहीही विचारलं तरी हेच उत्तर. नोकरी गेली तेव्हा सब ठीक. सूनबाईचं पहिलं बाळ पोटातच गेलं, ते मला शेजारणीकडून कळलं, तेव्हाही सब ठीक. पीहू माझ्याकडे राहावी हे तर आहेच. पण त्याहून जास्त मला हे पाहिजे की माझ्या मुलाने एकदा माझ्याशी खरं बोलावं. खरं बोलणं त्याने बंद केलं तेही एका खरमासातच, आणि बंद मी करवलं, तेही बायबलच्या नावाने. दुसऱ्याचा धर्म बिघडवायचा तर माझ्यासारखा माणूस पाहिजे.

झालं असं, डेविड मसीह माझा दोस्त. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बारातीत तो घोडीच्या पुढे, मी घोडीच्या बाजूला; अर्धी जिंदगी मी त्याची पाठ बघत काढली. खरमासात तोही रिकामा. दुपारी प्लॅस्टिकच्या थैलीत हिंदी बायबल घेऊन कंपू मोहल्ल्यात माझ्या तबेल्यात यायचा. क्लॅरिनेटची फुंकायची पत्ती भिजायला ओठाच्या कोपऱ्यात धरलेली असायची. वाजवायचं काही नसलं तरी, सवय. मी झुलीवरचे तुटलेले आरसे परत शिवत बसायचो आणि तो वाचायचा. मी तिसरीतून पळालेला माणूस. मी अक्षर ओळखतो, अक्षर मला ओळखत नाही. बायकोने विचारलं, धर्म बदलताय की काय? म्हटलं, मी बनियन वेळेवर बदलत नाही.

त्या पुस्तकातल्या कामाच्या गोष्टी मला फार आवडायच्या. देवाचं मोठं मोठं मला कळत नव्हतं, पण शेजाऱ्याच्या घरी रोज रोज जाऊ नको, तो कंटाळेल, असं लिहिलंय म्हटल्यावर मी डेविडला म्हटलं, हे तुझ्यासाठी आहे. दोस्ताने दिलेली जखम भरवशाची आणि दुश्मनाने घेतलेलं चुंबन धोक्याचं, हेही त्यातच. खरा जवाब देणं म्हणजे ओठांवर चुंबन देण्यासारखं, असंही आहे. ते मी घरी करून बघितलं. बायकोने विचारलं, भाजी कशी झाली? मी खरा जवाब दिला. चुंबन काही मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी भाजीही नाही मिळाली.

एका गोष्टीवर मात्र मी अडलो. त्यात होतं की घोड्याला चाबूक, गाढवाला लगाम आणि मूर्खाच्या पाठीला छडी. मी म्हटलं, हे ज्याने लिहिलं त्याच्याकडे घोडी नव्हती. चंदाला, म्हणजे तेव्हाच्या माझ्या घोडीला, मी आयुष्यात हात नाही उचलला. फटाके कानाशी फुटतात, पोरं शेपटी ओढतात, नवरदेव पिऊन लगाम खेचतो, आणि ती बिचारी उभी. तिला मारायचं? डेविड म्हणाला, राजाने लिहिलंय, त्याच्याकडे हजारो घोडे होते. मी म्हटलं, हजारो होते म्हणूनच. एकच असती तर चाबूक उचलला नसता.

इतका शहाणा होतो मी. आणि मुलगा मला एकच होता.

सूरज त्या वर्षी दहावीत. आणि मला खरेपणाचं नवीन नवीन वेड. जेवायला बसल्यावर मी कायदा काढला, आजपासून या घरात सगळे खरं बोलतील आणि खरं बोलल्यावर कुणाला काही बोलायचं नाही. सूरजने घास हातात धरून विचारलं, पक्का? म्हटलं, पक्का. त्याने आईकडे बघितलं. ती ताटात बघत होती. माझे कायदे तिने आधीही बघितले होते.

मग गणिताचा पेपर आला. सूरज दही-साखर खाऊन गेला. दुपारी डेविडने मुलांबद्दलचं वाचायला काढलं, की मुलाला लहानपणीच शिक्षा द्या, म्हणजे तो म्हातारा झाला तरी रस्ता सोडणार नाही. आता शिक्षा म्हणजे काय, कुठल्याही मराठी पोराला विचारा. कान धरणं, कोंबडा बनणं, हातावर पट्टी. हिंदीत पढाईला शिक्षा म्हणतात हे मला काय माहीत? आमच्या मोहल्ल्यात पढाईला पढाई म्हणतात आणि माराला सजा. एका दफ्तरावर 'शिक्षा विभाग' अशी पाटी बघून मला कित्येक वर्षं वाटायचं, सरकारने शिक्षा द्यायला वेगळं खातंच काढलंय. माझा शाळेचा अनुभव धरला तर त्यात नवल काही नव्हतं. म्हणून मी उठलो, घरी गेलो आणि बायबलमध्ये लिहिलंय म्हणून मुलाला शिक्षा दिली.

हा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला त्याला गिनती नाही. बारात चौकात थांबते, चहा येतो, आणि मी सुरू. पाटीवर येतो तेव्हा लोक हसतात, 'लिहिलंय म्हणून' वर तर चहा सांडतात. सूरजच्या लग्नातही सांगितला. मुलीकडचे हसून हसून लाल. सूरजही हसला. नवरदेव होता, घोडीवर बसलेला, जाणार कुठे?

किश्श्यात जे येत नाही ते असं. सूरज दारात उभा राहिला, उन्हातून आलेला, तोंड लाल. मी विचारलं, कसा गेला? दुसरा कुठलाही मुलगा 'ठीक' म्हणाला असता. त्याला माझा कायदा आठवला. म्हणाला, पापा, चारच सवाल केले, बाकी कोरं सोडलं, मी फेल होणार. आणि माझ्याकडे बघत राहिला. घाबरून नाही बघत होता. ते मला आता जास्त लागतं. खरं बोलल्यावर पुढे काय होतं ते बघायला उभा होता, जसं पोरं बी पेरून तिथेच बसतात.

खुंटीवर चंदाचा पट्टा होता, गळ्यातला, घुंगरांचा. तो मी ओढला. मारताना तो वाजत होता. गल्लीतल्या लोकांना वाटलं, खरमासात कुणाची बारात निघाली. दोन बायका तर गच्चीवर आल्या बघायला. बायको मध्ये पडली तोपर्यंत बक्कल त्याच्या डाव्या कानाला लागलं होतं. तबेल्यात चंदा आवाज ऐकून पाय आपटायला लागली. आपले घुंगरू वाजले म्हणजे आपल्याला निघायचंय, इतकंच तिला माहीत.

कानातून रक्त आलं तेव्हा माझा राग उतरला. उतरायला फार वेळ लागत नाही, चढलेला असतो तेव्हाच तो काय करायचं ते करून जातो. डेविडला बोलावलं, तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कशाने झालं? मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. माझ्या आधी सूरज बोलला, "घोड़ी ने लात मार दी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

ते त्याचं पहिलं खोटं. माझ्यासाठी बोलला. मी त्याला खरं बोलायला शिकवायला निघालो होतो, आणि एका दुपारीत तो इतकं साफ खोटं शिकला की माझी सुटका झाली. कानाचा पडदा गेला होता. बाहेर आल्यावर डेविडने ओठातली पत्ती काढून खिशात ठेवली आणि इतकंच म्हणाला, "घोड़ी को बदनाम कर दिया तुमने." मग त्या खरमासात तो तबेल्याकडे फिरकला नाही. दोस्ताची जखम म्हणतात ती हीच असेल. पण मी ती चाटून साफ केली आणि तिच्यावर किस्सा बांधला.

चंदाचं काय झालं तेही ऐका. ग्वाल्हेरात गोष्ट घोडीपेक्षा जोरात पळते. खरमास संपला, लग्नं लागली, आणि लोक विचारायला लागले, ती लाथ मारणारी घोडी का? घरच्याच पोराचा कान फोडला म्हणे. नवरदेवाची आई कशाला असली घोडी घेईल? एका शब्दात चंदा सुटली असती. तिने नाही, मी फोडला, इतकं बोलायचं होतं. मी नाही बोललो. डबरा गावाच्या बाजूला एकाला देऊन टाकली. गाडीत चढत नव्हती. मी पुढे होऊन लगाम धरला तेव्हा चढली, कारण मी धरला की ती कुठेही यायची.

सूरज फेल झाला, पुढच्या वर्षी पास झाला. चांगला निघाला. लोक म्हणतात, बापाच्या धाकामुळे. मी मिशीवर हात फिरवतो. रस्त्याने आम्ही बरोबर चाललो की तो मला नेहमी डाव्या बाजूला ठेवतो. मला वाटायचं, मान देतो, आतल्या बाजूने चालवतो बापाला. फार उशिरा लक्षात आलं, डावा कान तोच, पडदा गेलेला.

आता या महिन्याची गोष्ट. डेविडचा दम गेलाय. क्लॅरिनेट गेलं, आता दोन जिने चढला की बसतो. मी संत्री घेऊन गेलो. बँडमधली दोन पोरं आलेली, तोंड उतरवून बसलेली. मला सहन होत नाही असं. मी शिक्षेचा किस्सा काढला. पोरं हसली, पाणी प्यायली, गेली. डेविड हसला नाही. तो कधीच हसला नव्हता, मी समजायचो त्याने जास्त वेळा ऐकलाय.

पोरं गेल्यावर त्याने मला दार लोटायला सांगितलं. मग थांबून थांबून, दोन शब्दांमध्ये एक श्वास घेत, म्हणाला, "तुम्हें शब्द पता था."

म्हटलं, कोणता शब्द?

"तुमने पूछा था मुझसे। शिक्षा मतलब सिखाना, ना? मैंने कहा, हाँ। फिर तुम गए।"

टेबलावर त्याच्या औषधाचा पंप होता, मी तोच उचलून बघत बसलो. म्हटलं, मला आठवत नाही. आणि मला आठवत होतं. मी विचारलं होतं, हातात सुई, आरसा अर्धा शिवलेला. त्याने सांगितलं होतं, आणि वर हेही वाचलं होतं की बापांनी मुलांना इतकं छळू नये की त्यांचं मन मरून जाईल. मी तेही ऐकलं होतं. घरी गेलो तेव्हा मला शब्द माहीत होता. मला राग आला होता. चार सवाल ऐकून मला दिसलं ते इतकंच की मोहल्ला म्हणेल, घोडीवाल्याचा पोरगाही घोडीवालाच होणार. बाकी बायबल, हिंदी, मराठी, पाटी, सगळं मी नंतर आणलं, जसं बारात निघून गेल्यावर कुणी फुलं घेऊन येतो.

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललास? म्हणाला, छडीचंही त्यात लिहिलंय, मी खोटं नाही बोलणार, म्हणून मला वाटायचं दोष थोडा माझ्या वाचण्याचाही. आणि तुझा किस्सा ऐकून लोक हसायचे, तुला बरं वाटायचं. मी डरपोक निघालो. दोस्ताने जखम द्यायची असते, मी तुला टाळ्या दिल्या. त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती, बेसूर. मी पाणी दिलं. संत्रं सोललं, ते मीच खाल्लं.

तिथून सरळ नया बाज़ार. उन्हाचा टाइम, दुकानदार शटर अर्धं ओढून आडवे झालेले. सूरज घरी होता, भोपाळची बॅग भरत होता. सूनबाई आत पुस्तकात. पीहूने मला ओढून आपली नवी चप्पल दाखवली. मी सूरजला म्हटलं, पीहूचं काय ठरलं? म्हणाला, सासूबाई येतायत. म्हटलं, त्यांना मी फोन लावला होता. तो टॉवेलची घडी करत राहिला. म्हणाला, "सब ठीक है, पापा."

मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. म्हटलं, खरं सांग. आणि पुढचं वाक्य तोंडातून निघून गेलं, 'मी काही नाही म्हणणार.' निघाल्यावर मला कळलं की हे वाक्य याने आधी ऐकलंय. त्यालाही कळलं. त्याने पीहूला आत आईकडे पाठवलं आणि ती जाईपर्यंत थांबला.

मग म्हणाला, "पीहूला तुमच्याकडे एकटं नाही सोडणार मी. ती कोणाशी खोटं बोलत नाही अजून." आवाज चढवला नाही. रक्त काढताना तो लोकांशी बोलतो तसा बोलला, हळू आणि हात न हलू देता. त्याने सांगितलं, ती भोपाळलाच येईल बरोबर, परीक्षेच्या टाइमला तो तिला बागेत बसवेल. हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. सर्दी नव्हती. सासूबाई नव्हत्या.

मला बसायला पाहिजे होतं, पण खुर्चीवर कपडे होते. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते मला मिळालं होतं, आणि ते हातात घेऊन कुठे ठेवायचं कळत नव्हतं. माझ्या तोंडाला सवय आहे, गप्प बसवत नाही. मी हसून म्हटलं, चल, बापाशी एकदा तरी खरं बोललास, मला बरं वाटलं.

सूरजने बॅगेची चेन ओढली.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही बोललो."